मुलीवर घातलेले पैसे

जपानमध्ये ३ जुलै २०२४ पासून नव्या नोटा चलनात आल्या. त्यातल्या पाच हजार येनच्या नोटेवर एका शिक्षिकेचं चित्र आहे. इंग्रजी शिकवणारी, जन्मभर अविवाहित राहिलेली एक बाई. नाव त्सुदा उमेको. बरीच वर्षं हातात खडू धरलेल्या माझ्यासारखीला याचा आनंद होणारच! शिक्षकांच्या नावाने चौकातले पुतळे फार, पण खिशातली नोट काही सहजासहजी वाट्याला येत नाही.

तिने मुलींसाठी शाळा काढली, तीच पुढे विद्यापीठ झाली, म्हणून ती नोटेवर आली. मला मात्र तिचं दुसरं एक काम जास्त मोलाचं वाटतं. शाळा काढायच्या जवळजवळ दहा वर्षं आधी तिने अमेरिकेत भाषणं देत, दारोदार फिरून एक निधी उभा केला. त्याच्या व्याजातून जपानी मुलींना अमेरिकेतल्या कॉलेजात शिकता यावं म्हणून. त्या निधीबद्दल आज लिहायचं आहे. आत्ताच का, ते शेवटी सांगते.

गोष्ट सुरू होते १८७१ साली. जपानने दारं उघडली होती आणि सरकारला सगळं नव्याने शिकायची घाई झाली होती. इवाकुरा शिष्टमंडळ नावाचा मोठा लवाजमा अमेरिका-युरोप पाहायला निघाला. त्याच जहाजावर बरेच विद्यार्थी होते, आणि पाच मुली. होक्काइदो बेटाच्या विकासासाठी जे सरकारी खातं होतं, त्याचे प्रमुख कुरोदा कियोताका अमेरिका पाहून आले होते. शिकलेल्या आया असल्या तर मुलगे चांगले निपजतील, असा त्यांचा हिशेब. म्हणजे मुलींना शिकवायचं, पण मुलग्यांसाठी! असो. हेतू कसाही असला तरी दहा वर्षांचा सगळा खर्च सरकार करणार होतं.

पहिल्यांदा आवाहन केलं तेव्हा एकही अर्ज आला नाही. कोण पाठवणार पोटच्या पोरीला दहा वर्षं परक्या मुलखात? दुसऱ्यांदा विचारल्यावर ज्या पाच मुली मिळाल्या, त्या बहुतेक नुकत्याच हरलेल्या शोगुनच्या पक्षातल्या सामुराई घरांतल्या होत्या. ज्यांचं सगळं गेलं होतं, त्यांनीच मुली पणाला लावल्या. मोठ्या दोघी चौदा-पंधरा वर्षांच्या. यामाकावा नावाची एक अकरा वर्षांची. तिचं नाव आईने निघण्याआधी बदललं आणि 'सुतेमात्सु' ठेवलं. त्यात 'टाकून देणं' आणि 'वाट पाहणं' असे दोन्ही अर्थ निघतात. तुला टाकतेय, पण वाट बघेन. एका नावात आईने सगळं सांगून टाकलं. आणि सगळ्यात धाकटी उमेको, सहा वर्षांची. सातवा वाढदिवस तिचा बोटीवरच झाला.

सहा वर्षांची मुलगी म्हणजे पहिलीतली. पहिलीच्या वर्गात पहिले पंधरा दिवस काय रडारड असते, ते शिकवणाऱ्याला विचारा. आई शाळेच्या फाटकाबाहेर उभी असते तरी!

मोठ्या दोघी तब्येतीमुळे वर्षभरातच परतल्या. बाकीच्या तिघी राहिल्या. उमेको वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनमध्ये लॅनमन नावाच्या दांपत्याकडे मुलीसारखी वाढली. सुतेमात्सु व्हॅसर कॉलेजातून १८८२ साली पदवी घेऊन बाहेर पडली. कॉलेजची पदवी मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. शिगेको नावाची तिसरी मुलगी संगीत शिकली. आणि १८८२ च्या अखेरीस उमेको मायदेशी परतली तेव्हा ती जपानी बोलायला विसरली होती. आईशी बोलायला दुभाषी लागत होता.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच जहाजावरून गेलेल्या मुलग्यांचं काय झालं? दान ताकुमा खाणकाम शिकून आला आणि पुढे मित्सुई या बलाढ्य उद्योगाचा प्रमुख झाला. कानेको केंतारो हार्वर्डला शिकला आणि जपानची राज्यघटना लिहिणाऱ्यांत बसला. माकिनो नोबुआकी परराष्ट्रमंत्री झाला. मुलींसाठी मात्र काहीच तयार नव्हतं. खातंही तोवर बंद झालं होतं. एवढा खर्च करून शिकवलेल्या मुलींना द्यायला सरकारकडे ना नोकरी, ना जागा. त्यांनी काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. सुतेमात्सुने लग्न केलं युद्धमंत्री ओयामा इवाओ यांच्याशी. तिच्या माहेरच्या किल्ल्यावर चाल करून आलेल्या सैन्यात हे गृहस्थ होते! शिगेको पियानो शिकवू लागली. उमेको काही काळ इतो हिरोबुमी यांच्या घरी शिकवणी करत होती आणि मग १८८५ पासून सरदारांच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. तिथे मुली यायच्या त्या लग्नाची वाट बघत बसायला.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. शिष्यवृत्ती म्हणजे जाण्याचं भाडं आणि कॉलेजची फी एवढंच नाही. परतल्यावर त्या शिक्षणाला उभं राहायला जागा लागते. ती नसेल तर शिकलेली मुलगी घरात ठेवणीतल्या भांड्यासारखी होते. पाहुणे आले की दाखवायची.

आपल्याकडे याच्या अगदी उलट घडलं होतं. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. कॉलेजनेच त्यांना शिष्यवृत्ती दिली. १८८५ सालचा त्यांचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनो घातलेली जपानी ओकामी केई आणि तिसरी दमास्कसहून आलेली सबात इस्लामबूली. आनंदीबाईंसाठी कोल्हापूर संस्थानाने जागा तयार ठेवली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या डॉक्टर म्हणून. जागा होती, पण त्यांना आयुष्यच पुरलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. उमेकोला आयुष्य होतं, जागा नव्हती. म्हणून तिने ती जागा स्वतः करायची ठरवली.

१८८९ साली रजा घेऊन ती पुन्हा अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात. मेरी मॉरिस नावाच्या क्वेकर पंथातल्या एका बाईंनी शब्द टाकला आणि कॉलेजने फी माफ केली. तिथे ती जीवशास्त्र शिकली. बेडकाच्या अंड्यावरचा तिचा एक शोधनिबंध टी. एच. मॉर्गन यांच्याबरोबर १८९४ साली प्रसिद्ध झाला. हेच मॉर्गन पुढे १९३३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. तिथेच राहून संशोधन करण्याची संधी तिला होती. ती राहिली नाही. परतण्याआधी तिने मेरी मॉरिस आणि त्यांच्या मैत्रिणींना बरोबर घेऊन निधी गोळा केला. आठ हजार डॉलर.

या पैशाची व्यवस्था बघण्यासारखी आहे. मुद्दल शाबूत ठेवायचं आणि व्याजातून दर काही वर्षांनी एका मुलीला आणायचं. आपल्याकडे देवळात नंदादीपासाठी ठेव ठेवत, त्यातला प्रकार. दिवा एकच, पण विझायचा नाही. एका वेळी दहा मुली आणून पैसे संपवून टाकता आले असते. वर्तमानपत्रात मोठी बातमीही झाली असती. पण त्या बायकांनी संसारी बायकांसारखा विचार केला. निवडलेल्या मुलीला आधी तिथल्या शाळेत घालून कॉलेजची तयारी करून घ्यायची, मग प्रवेश. शिकून झाल्यावर तिने परत येऊन जपानमधल्या मुलींसाठी काम करावं ही अपेक्षा. हा निधी १९७६ पर्यंत चालला आणि तेवढ्या काळात पंचवीसेक मुली त्यावर शिकल्या.

पंचवीस! ऐंशीपेक्षा जास्त वर्षांत फक्त पंचवीस! आकडा ऐकून कुणी नाक मुरडेल. म्हणून त्यातल्या काहींचं पुढे काय झालं ते सांगते.

पहिली मात्सुदा मिची १८९३ साली गेली. परत येऊन क्योतोच्या दोशिशा संस्थेतल्या मुलींच्या शिक्षणाची धुरा तिने वाहिली. कावाई मिची १९०४ साली ब्रिन मॉरची पदवीधर झाली. जपानच्या वायडब्ल्यूसीएची ती पहिली जपानी सरचिटणीस झाली आणि १९२९ साली तिने तोक्योत केइसेन ही मुलींची शाळा काढली, ती आजही चालू आहे. होशिनो आई (हो, नावच 'आई'!) १९१२ साली पदवी घेऊन आली आणि उमेको गेल्यावर, १९२९ साली, तिच्या संस्थेची प्रमुख झाली. युद्धकाळात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. इंग्रजीसाठीच निघालेली शाळा, ती बंदच पडायची वेळ. तेव्हा या आईने १९४३ साली गणित आणि विज्ञानाचे वर्ग सुरू केले आणि संस्था तगवली. १९४६ साली अमेरिकन शिक्षण शिष्टमंडळ जपानी शिक्षणाची घडी बदलायला आलं, तेव्हा त्यांच्याशी बोलणाऱ्या जपानी समितीत ती होती. मुलींना विद्यापीठाची दारं त्या काळात उघडली.

उमेकोची शाळा १९०० साली तोक्योत दहा मुलींवर सुरू झाली होती. तीही हिशेबाने. १८९९ साली कायदा झाला, की प्रत्येक प्रांतात मुलींचं निदान एक हायस्कूल असायलाच हवं. म्हणजे शिक्षिका लागणार. १९०५ साली तिच्या शाळेला मान्यता मिळाली, की इथून उत्तीर्ण होणाऱ्या मुलीला इंग्रजी शिकवण्याचा परवाना वेगळी परीक्षा न देता मिळेल. मुलींच्या शाळांत हा मान पहिला तिचा. शिक्षण आणि पोटापाण्याची जागा, दोन्ही तिने एकत्र बांधलं.

या शाळेतून १९१२ साली बाहेर पडलेली यामाकावा किकुए १९४७ साली नव्या श्रम मंत्रालयातल्या स्त्री आणि बालकामगार विभागाची पहिली प्रमुख झाली. तिच्यानंतर त्या खुर्चीत आली फुजिता ताकी. ती उमेकोच्या शाळेत शिकून ब्रिन मॉरला जाऊन आलेली. १९७५ साली मेक्सिकोत भरलेल्या पहिल्या जागतिक महिला परिषदेत जपानचं नेतृत्व हिनेच केलं. आणि त्याच विभागाची प्रमुख असताना जिने नोकरीत समान संधीचा १९८५ चा कायदा तडीस नेला, ती आकामात्सु रयोको होशिनो आईच्या काळात त्सुदा कॉलेजात शिकली होती. आता मोजा. आठ हजार डॉलर, पंचवीस मुली आणि त्यांच्या मागून आलेल्या किती? एकीने दुसरीला हात दिला, दुसरीने तिसरीला. हा हिशेब जमाखर्चाच्या वहीत बसत नाही, पण देशाच्या कायद्यात उतरतो.

याचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. तोक्योत १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी स्त्रियांचं विद्यापीठ काढलं होतं. त्याची माहिती देणारी पुस्तिका अण्णा कर्व्यांच्या हाती आली आणि त्यांनी १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा जपानच्या मुलींची गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. या शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुली बहुतेक बऱ्या घरच्या, इंग्रजी शिकायची सोय असलेल्या. शेतात राबणाऱ्या किंवा सूतगिरणीत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या जपानी मुलींपर्यंत ती पोचली नाही. उमेको स्वतः सामुराई घरची, आणि तिचं जग तेवढंच होतं असं म्हणता येईल. पण त्या गिरणीतल्या मुलींच्या नोकरीचे तास आणि सुट्ट्या पुढे ज्या खात्याने बघितल्या, तिथे बसायला शिकलेल्या बायका लागल्याच ना? दिवा दिवाणखान्यात लागला म्हणून उजेड अंगणात येत नाही असं नाही. मात्र खिडकी उघडी हवी. ज्या शिष्यवृत्तीतून शिकलेली मुलगी खिडकी लावून घेते, ती शिष्यवृत्ती फसली असं मीही म्हणेन.

दुसरा आक्षेप असा, की फक्त मुलींनाच का? हा मुलांवर अन्याय नाही का? तोक्यो विद्यापीठात पदवीला शिकणाऱ्या दर पाच जणांत जेमतेम एक मुलगी असते. २०१७ पासून विद्यापीठाने लांबून येणाऱ्या मुलींना घरभाड्यासाठी महिना तीस हजार येन द्यायला सुरुवात केली, तेव्हा हाच ओरडा झाला. मला इतकंच विचारावंसं वाटतं, की १८७१ साली जहाजभर मुलगे गेले तेव्हा 'फक्त मुलांनाच का' असं कुणी विचारलं होतं? मोठ्या विद्यापीठांची दारं १९४६ पर्यंत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, मुलींना बंदच होती. इतकी वर्षं एका पारड्यात टाकत राहायचं आणि दुसऱ्यात चिमूटभर पडलं की तराजू बिघडला म्हणून ओरडायचं, हे काही खरं नव्हे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. मुलीवर घातलेले पैसे वाया जातात, लग्न झालं की ती सगळं सोडते. हा काही आजीच्या काळातला विचार नाही. २०१८ साली उघड झालं, की तोक्योच्या एका नामांकित वैद्यकीय विद्यापीठात प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलींचे गुण कित्येक वर्षं गुपचूप कमी केले जात होते. कारण काय, तर बायका डॉक्टर होतात आणि मुलंबाळं झाली की काम सोडतात! रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलींना आपण नापास का झालो ते कळलंसुद्धा नाही. आयुष्यात हजारो पेपर तपासले, पण गुण देताना नाव मुलाचं की मुलीचं हे बघायचं, या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. चौकशी झाली, बोभाटा झाला, आणि २०२१ साली देशभरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत मुलींचं यशाचं प्रमाण मुलांपेक्षा किंचित वर गेलं. म्हणजे अक्कल कमी नव्हती, हात मारला जात होता.

आणि लग्न केलं म्हणून शिक्षण वाया जातं हे तरी कुठे खरं आहे? सुतेमात्सुने लग्न केलं, युद्धमंत्र्याची बायको झाली, सावत्र मुलं सांभाळली. पण त्याच सुतेमात्सुने १८८४ साली बड्या घरच्या बायकांना एकत्र करून जपानमधला पहिला धर्मादाय बाजार भरवला आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी पैसे उभे केले. उमेकोच्या शाळेमागे ती शेवटपर्यंत उभी राहिली. व्हॅसरचं शिक्षण तिने माजघरात ठेवून दिलं नाही.

आज परदेशी शिकायला जाणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांत मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. उमेकोला हे ऐकून किती बरं वाटलं असतं! पण मला त्यात एक काळजीचा सूरही ऐकू येतो. घरच्या अंगणात पुरेशी जागा नसते तेव्हाही पोरी कुंपणापलीकडे बघतात. परतल्यावर त्यांना काय मिळतं, हा १८८२ सालचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता हे सगळं आत्ताच का, ते सांगते. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे माझे नातेवाईकच आहेत, त्यांच्या लक्षात आलंच असेल. आमच्या कुलमंडळाच्या शिक्षणनिधीतून परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना थोडी मदत देतात. गेल्या बैठकीत एका ज्येष्ठांनी सुचवलं, की मुलींना पैसे देताना लग्न ठरलंय का, कुठे ठरलंय हे आधी विचारून घ्यावं, आणि लग्नानंतर शिक्षण सोडलं तर पैसे परत करण्याचं हमीपत्र घ्यावं. 'शेवटी ती दुसऱ्याच्या घरची होणार' हे वाक्य झालंच. मुलग्यांकडून हमीपत्र घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. आपल्या निधीवर गेलेले मुलगे अमेरिकेतच राहिले, तिथलेच झाले. चांगलंच झालं, मला त्यांचं कौतुकच आहे. पण मग ते कुणाच्या घरचे झाले, हेही एकदा विचारू या.

माझं म्हणणं एवढंच. मुलीला द्यायचं तर लग्नाची चौकशी न करता द्या. फीपुरतं देऊन हात झटकू नका, जाण्याआधीची तयारी आणि परतल्यावरचं पहिलं वर्ष, याचाही विचार त्यात असू द्या, कारण कोणत्याही मुलीचा पाय नेमका तिथेच घसरतो. आणि हमीपत्र हवंच असेल तर ते एकच घ्या, तोंडी, मुलगा असो की मुलगी: पुढे जमेल तेव्हा घरातल्या कुठल्या तरी एका मुलीला हात दे. मुद्दल शाबूत राहील, व्याज चालू राहील.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. मी हे तिथेही बोलणार आहे. ज्यांना पटलं नाही त्यांनी तिथे येऊन भांडावं, चहा माझ्याकडून!